तुसाचं छत

॥ श्री मेंगाई प्रसन्न ॥

मार्गासनी,
गुरुवार, ता. ५ फेब्रुवारी २०२६

प्रिय शेफाली,

तुझं पार्सल सोमवारी मिळालं. खोकं आधी देवापुढं ठेवलं, मग उघडून नेहमीसारखी यादी केली, ती अशी: ज्वारीच्या बिबड्या दोन थप्प्या, काळा मसाला एक बरणी, दोन्ही घरचं, म्हणून किंमत नाही, केळ्याचे वेफर्स अर्धा किलो, पाकिटावर एकशे ऐंशी छापलेत (अगं, इतके महाग कशाला घ्यायचे?), नानांची लोकरीची टोपी, दोनशे वीस, किमतीची चिठ्ठी काढायची विसरलीस आणि ती बघून नाना टोपी घालेनात, ठेवणीतली झाली, पोस्टाचा खर्च एकशे छत्तीस. आणि बिबड्या मोडू नयेत म्हणून थरांच्या मधे घातलेले कागद, नग सात. बाकी सगळ्यांपुढं काही ना काही लिहिलं, कागदांपुढं काहीच लिहिता आलं नाही. त्यांचं शेवटी सांगते.

तुला नवल वाटेल की फोन असताना आईनं पत्र का लिहिलं. फोनवर तू पोळ्या लाटत असतेस, फोन खिडकीत सगळ्यांना ऐकू जाईल असा लावलेला असतो, मागून रेल्वेगाडीची शिट्टी होते आणि तू म्हणतेस, बोल आई, पटकन. मला पटकन बोलायचं नाही. तुला एक गोष्ट विचारायची आहे आणि तिचं उत्तर तुझ्या हाताच्या अक्षरात हवं आहे. जावईबापूंना दाखवायचं की नाही ते तुझं तू ठरव. पण त्याआधी कारखान्याचं सगळं सांगावं लागेल. जवळजवळ दोन वर्षं तुझं येणं झालं नाही, दिवाळीत सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, म्हणून फोनवर तुला एवढंच कळलंय की नानांच्या पोह्यांच्या कारखान्यात शाळा झाली. कशी झाली ते कळलं नाही. आणि ते कळल्याशिवाय माझा प्रश्न तुला म्हातारीचं खूळ वाटेल.

कारखाना बंद पडला तेव्हा तुझं बी.ए. नुकतंच झालं होतं. भट्टी विझली त्या दिवशी नाना घरी आले, अंगातला सदरा काढून खुंटीला लावला आणि म्हणाले, आता ह्याला तुसाचा वास यायचा न्हाई. एकोणीस वर्षं त्यांनी त्या भट्टीच्या तोंडात फावड्यानं तूस, भाताची फोलपटं, ढकललं. त्यानंतर तेरा वर्षं ती इमारत गुंजवणीच्या काठावर नुसती उभी. पत्रे गंजले, भात भिजवायच्या हौदांत गवत उगवलं, धुराड्यावर घारीनं घरटं केलं. येता-जाता एस.टी.तून नाना तिकडं बघायचे नाहीत. मालक वारले, मग त्यांच्या बायकोनं ती जागा पुण्याच्या एका संस्थेला दिली. विकली असती तर गोदाम झालं असतं, पण त्या बाईंनी दिली, देवी त्यांचं भलं करो.

संस्थेचं पत्र ग्रामपंचायतीत आलं ते इंग्रजीत. त्यात होतं, आर्ट स्कूल काढायचं आहे, गावाची संमती द्यावी. सरपंच हनुमंतभाऊजी ते घेऊन आपल्याच दारात आले. म्हणाले, वहिनी, ह्याचा मराठीत ठराव तुमी लिवा, आमच्या हापिसातलं अक्षर म्हंजी कोंबडीची पावलं. तुला माहीत आहे, गावातल्या निम्म्या घरांचे अर्ज मीच भरलेत. रेशनचे, बँकेचे, श्रावणबाळाचे, पोरांच्या दाखल्यांचे. घरात मॅट्रिक मी एकटी आणि माझ्या अर्जात कधी खाडाखोड झाली नाही, याचा मला अभिमान होता. होता असंच लिहिते. तर मी पाट घेऊन बसले आणि चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलं: मौजे मार्गासनी येथील बंद कारखान्याचे जागेत कला शाखेचे विद्यालय सुरू करणेस ग्रामसभेची हरकत नाही. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत टाळ्या वाजल्या. लोकांना वाटलं, आता भोरला नको, नसरापूरला नको, अकरावी-बारावी दारात आली. चिमाजीचा पप्पू बारावीला तिसऱ्यांदा बसलेला, तो दुसऱ्या दिवशी गुणपत्रिकेची झेरॉक्स घेऊन कारखान्याच्या फाटकाशी उभा. तिथं कुलूप होतं, तरी अर्धा दिवस उभा राहिला.

मग वैष्णवी आली. इमारतीचे नकाशे काढणारी, पुण्याची मुलगी, तुझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी लहान. पाठीला पिशवी, पायात बूट, केस मुलासारखे कापलेले. इथं खानावळ नाही म्हणून दुपारचं जेवण आपल्याकडं ठरलं. ती रोज एकच रडगाणं गायची. म्हणायची, काकू, भिंती चांगल्या आहेत, जागा सोन्यासारखी आहे, पण तो पत्रा! एप्रिलमध्ये आत पोळी भाजेल. आणि संस्थेचं म्हणणं असं की विजेवर पैसा घालवायचा नाही, गार हवेची यंत्रं बसवायची नाहीत, जमलं तर पंखासुद्धा नको. छताखाली घालायला परदेशी कापसासारखं काही मिळतं, त्याचा भाव तिनं सांगितला तेव्हा माझ्या हातातला चमचा थांबला.

माझी तुसाची पाटी तू विसरली नसशील. भाताला नाहीतर आमटीला चांगली उकळी आली की पातेलं उतरवायचं, जुन्या गोधडीत गुंडाळायचं, तुसानं भरलेल्या पाटीत पुरायचं आणि वर तुसाचीच उशी ठेवायची. आतल्या आत शिजतं, गॅस वाचतो. तू लहान असताना तिला झोपलेली चूल म्हणायचीस आणि पाटीला कान लावून बसायचीस, घोरते का बघायला. तर एके दिवशी एकादशी सोडायची म्हणून मी सकाळी लवकर, दहालाच आमटी पुरून देवळात गेले. दोन वाजता वैष्णवीला वाढली. ती पोर घाईची, भुरका मारला आणि जीभ भाजली. डोळ्यांत पाणी आलं तरी विचारते काय, काकू, गॅस कधी बंद केलात? म्हटलं, दहाला. तिनं हात धुतला, माझ्या स्वयंपाकघरात आली आणि त्या पाटीत मनगटापर्यंत हात घालून उभी राहिली. मला हसू आलं. म्हटलं, बाई गं, त्यात आता काही नाही, सगळं ताटात आलं. ती हसली नाही. म्हणाली, हे गरम धरतं, तर गारही धरेल का? मी म्हटलं, न धरायला काय झालं? आपल्या जत्रेत गोळेवाला भोरहून बर्फाची लादी आणायचा ती कशात? गोणपाटात आणि भुश्यात. मेंगाईची पालखी परत फिरेपर्यंत ती लादी टिकायची.

नानांनी बंद गोदामाचं कुलूप तोडून दाखवलं. आत आढ्यापर्यंत तूस, तेरा वर्षांचं, कोरडं ठणठणीत. वैष्णवीनं ते पुण्याला तपासायला नेलं. चुना मिसळला की कीड लागत नाही आणि पटकन पेटतही नाही असा निकाल आला, जो मी तिला फुकट सांगितला असता, कारण आपण कणगीला चुना लावतोच. मग बचत गटाच्या आम्ही चौदा जणी महिनाभर बसलो. तूस चाळायचं, चुन्यात घोळवायचं, गोणीत दाबून भरायचं, दाभणानं शिवायचं. कमी पडलं ते भोंगवलीच्या भात गिरणीवरून टेम्पोनं आलं. बांबूच्या तट्ट्या पत्र्याखाली बांधून त्यांवर गोण्या अशा बसवल्या की मधून सुई जाणार नाही. ठकुबाईनं वीस वर्षं त्याच कारखान्यात चाळणीवर काढलीत, ती गोणी शिवता शिवता म्हणाली, चंद्रे, लोक घराला सोन्याचं छत करत्यात, आन तू आमाला फोलपटं शिवायला बशिवलंस.

नानांचंही सांगितलं पाहिजे, ते स्वतः सांगणार नाहीत. नकाशात धुराडं पाडायचं ठरलं होतं. नाना दिवसाला तीन वाक्यं बोलतात, त्यातलं एक त्यांनी त्या दिवशी वैष्णवीसाठी खर्च केलं. म्हणाले, पाडू नका, त्याचा ओढा अजून जिता हाय. तिला कळेना. तेव्हा त्यांनी मला हाक मारली आणि देवघरातली उदबत्ती आणायला लावली. भट्टी तेरा वर्षं थंड, आत राखसुद्धा नाही. नानांनी उदबत्ती भट्टीच्या तोंडाशी धरली आणि धूर सरळ वर न जाता वाकला, आत शिरला आणि धुराड्यानं ओढून नेला. वैष्णवीनं ती उदबत्ती तीन वेळा पेटवून बघितली. आता धुराडं वरच्या अंगाला काळं रंगवलंय, उन्हानं तापलं की ते आतली गरम हवा खेचतं, आणि तिच्या जागी नदीकडच्या हौदांवरून, पाण्याला घासून, गार हवा आत येते. भट्टीच्या तोंडाला लोखंडी झडप आहे. ती सकाळी किती उघडायची हे नाना वारं बघून ठरवतात. ज्या तुसानं आणि ज्या भट्टीनं एकोणीस वर्षं त्यांचा घाम काढला, त्याच दोघांनी आता पोरांना गार ठेवायचं. नाना दुसऱ्याच दिवशी दाढी करून कारखान्याच्या कामावर गेले.

इथपर्यंत सगळं गोड. गेल्या एप्रिलात एक दालन पूर्ण झालं आणि संस्थेनं पंचायतीच्या फळ्यावर कागद लावला: चित्र, माती, छपाई, ढोलकी-संबळ, कळसूत्री बाहुल्या. कुठंही मराठी, इतिहास, राज्यशास्त्र नाही. गाव पेटलं. हनुमंतभाऊजींनी दवंडी दिली की एक मेच्या ग्रामसभेत संमती मागं घ्यायची. वैष्णवी ठरावाची नक्कल घेऊन माझ्याकडं आली, मी भांडी घासत होते. म्हणाली, काकू, हे कला शाखा कुणी लिहिलं? म्हटलं, मी. ती आधी हसली आणि मग समजावून सांगायला लागली की आर्ट्स म्हणजे आपली कला शाखा, बी.ए.ची, पण आर्ट म्हणजे चित्र-शिल्प, त्याचं शिक्षण वेगळं, शाळा वेगळी, दहावीनंतर थेट जाता येतं. ती स्वतः आधी तशीच गेली, चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली, चित्र शिकली आणि मग नकाशांकडं वळली. मी तिला विचारलं, म्हणजे एखादं मूल दहावीला म्हणालं की मला आर्टला जायचंय, तर त्याला चित्र काढायला जायचंय असं म्हणायचं असतं? ती म्हणाली, हो काकू, बहुतेक वेळा. राखेचा हात तसाच घेऊन बराच वेळ मोरीवर बसले. नानांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, शब्द चुकला.

हनुमंतभाऊजींना मी एकच विनंती केली, की सभा पंचायतीत नको, कारखान्यातच घ्या, जे मोडायचं ते त्याच्या तोंडावर मोडा. त्यांना ते पटलं. एक मे, दुपारी बारा, बाहेर असं ऊन की कुत्रीसुद्धा एस.टी.च्या थांब्याखाली. एरवी ग्रामसभेला सही करून माणसं तंबाखू मळत निघून जातात. त्या दिवशी दीडशे माणूस आत, जमिनीवर, आणि दोन तास कुणी हललं नाही. तेव्हा मला वाटलं, रागानं बसलेत. बोलणी तर काय! एक म्हणाला, पोरांनी काय मातीची गाढवं करायची? दुसरा म्हणाला, संबळ वाजवायला शाळा कशाला, गोंधळ्याच्या घरी पाठवा. पप्पू गुणपत्रिका घेऊन आला होताच. ठकुबाई सगळ्यांदेखत म्हणाली, चंद्रे, तुज्या लेखणीनं गाव बुडवलं की गं. मग हनुमंतभाऊजी माझी बाजू घ्यायला उभे राहिले, आणि तीच मला लागली. म्हणाले, वहिनीची काय चूक? पोरगं म्हनलं आर्टला जायचंय, तर मानूस आर्ट्सलाच नाव घालनार की. आमी आडानी मानसं.

शेफाली, मी आजवर ग्रामसभेत बोलले नव्हते. हळदीकुंकवाच्या वेळीसुद्धा मी उखाणा लहान घेते. पण तेव्हा उठले. म्हटलं, भाऊजी, चूक आहे, आणि माझी आहे. संस्थेनं खोटं सांगितलं नाही, मी न समजता लिहिलं. समजलं नाही म्हणून नाही, मला समजतंय असं वाटलं म्हणून. मॅट्रिक झालेल्या बाईला अर्ज भरता येतो, पण ज्याचा अर्ज आहे त्याला दोन शब्द जास्त विचारायचे मला सुचले नाहीत. शिक्षा द्यायची तर मला द्या, उद्यापासून कुणाचा अर्ज लिहिणार नाही. पण ज्या पोराला माती मळायची आहे त्याला राज्यशास्त्र वाचायला बसवू नका. ही चूक मी पहिल्यांदा करत नाही. एवढं बोलले आणि खाली बसले, कारण त्यापुढचं वाक्य दीडशे माणसांचं नव्हतं. नाना माझ्याकडं बघत होते.

तेवढ्यात ठकुबाईनं पदर अंगाभोवती ओढून घेतला आणि कुरकुरली, आगं, कुनीतरी त्यो पंखा बंद करा की, कवाधरनं गार लागतंय. सगळ्यांनी वर बघितलं. वर तट्ट्या, बांबू. हनुमंतभाऊजी म्हणाले, आत्याबाई, पंखाच न्हाई हितं. ठकुबाई म्हणाली, मग वारं कोन घालतंय? आणि तुझ्या नानांनी, जे लग्नाच्या पंगतीतही आग्रह करत नाहीत, त्यांनी मागच्या भिंतीपाशी उभं राहून सांगितलं, भट्टी. पोरी, त्या एका शब्दावर सगळी सभा हसली आणि मग जो तो आपलं कपाळ चाचपायला लागला, कारण प्रत्येकाला तेव्हाच कळलं की मे महिन्यात, पत्र्याच्या कारखान्यात, आपण दोन तास घाम न पुसता भांडतोय. ठकुबाई उठली, भट्टीच्या तोंडाशी गेली, हात पुढं धरला आणि म्हणाली, वीस वरसं हिनं मला भाजलं. आता वारं घालतीया तर घालू द्या. आन पोरांना मातीची गाढवं बी करू द्या, गावातली खरी आता म्हातारी झाली. ज्यानं गाढवं काढली होती तो सगळ्यांत जास्त हसला.

संमती राहिली. गावच्या मुलांना आधी प्रवेश आणि फी निम्मी, एवढी अट घातली, संस्थेनं मानली. ठरावाच्या वहीत कला शाखेचे विद्यालय यावर मला आडवी रेघ मारायला लावली, वर कला शाळा लिहिलं आणि शेजारी सही केली. माझ्या अक्षरातली ती पहिली खाडाखोड. भाऊजींना म्हटलं, वही जपून ठेवा.

दसऱ्याला शाळा सुरू झाली. मी देवीची ओटी भरून गेले. तुला कसं सांगू! उत्तरेकडच्या पत्र्यांच्या जागी काचा बसवल्यात, दिवसा दिवा लावावा लागत नाही, उजेड असा पडतो की सावली बोचत नाही. चाळण्या होत्या तिथं आता चित्रं टेकवायचे लाकडी घोडे. हौदात पाणी आणि कमळाचे कांदे लावलेत. संध्याकाळचे दिवे वरच्या सौरपत्र्यांवर चालतात आणि एवढ्या मोठ्या इमारतीचं पहिल्या महिन्याचं लाइटबिल आपल्या घरापेक्षा कमी आलं, मी स्वतः वाचलं. पप्पू तिथं माती मळतो, हात चांगला बसलाय त्याचा, आणि कुणी विचारलं की अजून सांगतो, आर्ट्सला आहे. साताऱ्याहून, नाशिकहून माणसं बघायला येतात आणि छताचं विचारलं की वैष्णवी मलाच पुढं करते. इंजिनियर लोक वहीत लिहून घेतात, किती चुना, किती दाबायचं. गर्व करू नये, देवाला आवडत नाही, पण लेकीपाशी सांगायला हरकत नसावी: मला तेव्हा फार बरं वाटतं. दाराशी एक फरशी बसवलीय, तिच्यावर कारागिरांची नावं आहेत. त्यात नानांचं आणि आमचंही, भट्टीची झडप, धनाजी, आणि तुसाचं छत, चंद्राबाई व बचत गट, असं कोरलंय. आणि मोठ्या दालनाचं नाव वैष्णवीनं ठेवलंय, झोपलेली चूल. मी तिला सांगितलं की हा शब्द माझा नाही, माझ्या मुलीचा आहे. ती म्हणाली, मग तिचंही नाव घालायला हवं होतं. मी म्हटलं, ती स्वतः येऊन घालेल.

आता ते राहिलेलं वाक्य. दोन हजार सहाचा जून, भोरच्या कॉलेजची खिडकी, मागं लांब रांग. कापूरहोळला एस.टी. बदलून आपण दोघी गेलो होतो. आदल्या आठवड्यात तू मला म्हणाली होतीस, आई, मला आर्टला जायचंय, पुण्याला. मी म्हटलं होतं, पुण्याला कशाला, आर्ट्स भोरला पण आहे की, आणि बसचा पास निघतो. तू माझ्याकडं बघितलंस आणि बरं म्हणालीस. मी रकान्यात लिहिलं, कला. एक काना, एक मात्रा इकडची तिकडं नाही. कारखाना तेव्हा चालू होता, नानांचा पगार येत होता, म्हणून परिस्थितीचं नाव मी पुढं करणार नाही. तुझं इंटरमिजिएटचं अ श्रेणीचं प्रमाणपत्र मी ट्रंकेत नीट ठेवलं, पण ते काय सांगतंय हे मला वाचता आलं नाही. पुढची पाच वर्षं तू त्या एस.टी.नं गेलीस, सेकंड क्लास आला, आणि मी सगळ्यांना सांगत राहिले की पोरगी म्हणाली तिथं घातली. तू एकदाही बोलली नाहीस. देवीपुढं हे कबूल करायला मला नऊ महिने लागले नाहीत, ती काही उलट विचारत नाही, तुझ्यापुढं लागले. आणि लागलेच असते अजून, पण सोमवारी ते सात कागद आले. सहांवर तू काढलेली चित्रं, तुझी स्वप्नाली झोपलेली, रुळांकडचा लिंब, सासूबाईंचा गुडघा, भाजीवाली, बंद छत्री, आणि जावईबापूंची पाठ. सातव्यावर नुसता एक हात. हिरव्या बांगड्या, लेखणी, आणि अंगठ्याजवळ विळ्याचा वण. तो वण मी ओळखते, रोज बघते. तो कागद चुकून आला की मुद्दाम घातलास हे मला ठरवता येत नाही, आणि विचारत नाही. विचारायचं ते हे: उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेत चाळीस दिवसांचा वर्ग आहे, वयाची अट नाही. राहायला घर आहे, स्वप्नालीला सांभाळायला मी आहे, गार बसायला झोपलेली चूल आहे, तुझ्या भुसावळचा उन्हाळा सोडून ये. सोबत अर्ज आहे. तुझं नाव, पत्ता, जन्मतारीख, काहीच मी लिहिलेलं नाही. विषयाचा रकाना कोरा आहे, पेन्सिलीचा ठिपकासुद्धा नाही, पेन हातात घेऊन खाली ठेवलं. लिफाफ्याला तिकीट लावलंय आणि त्यावर आपला पत्ता घातलाय, तेवढंच माझं अक्षर. जे हवं ते तू लिही. काही नको असेल तर कोराच पाठव, मला समजेल, पण पाठव. अर्जाची मुदत अठ्ठावीस तारखेपर्यंत आहे, तेव्हा उलट टपाली कळव.

तुझीच, आता विचारून थांबलेली,
आई